उजेडाची घाई

बुलढाण्याहून धाड गावाला जाणाऱ्या जीपमध्ये एक शेतकरी बाई माझ्या शेजारी बसली होती. दोन सीट रिकाम्या होत्या, म्हणून ड्रायव्हर निघायला तयार नव्हता.

"काऊन थांबला बे? माह्यी मिरची उगवून राह्यली तिकडे!"

"उगवू दे ना मावशी, पळून थोडीच जाते?"

ती उसळली. मिरचीचं बी पेरलेले ट्रे एकावर एक रचून तिने सहा दिवस ताडपत्रीखाली उबेत, ओलाव्यात झाकले होते. सकाळी निघताना पहिले कोंब डोकावले होते आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. आजच ट्रे उजेडात मांडले नाहीत, तर रोपं पिवळी, लांबुळकी होऊन कोलमडणार होती.

"ओलीत, अंधारात बी फुटते बापा. पन रोपाले उजेडच लागते. अंधारात लांबलं, त्याले वाढनं नाही म्हनत!"

एवढं खरं वाक्य मी कुठल्याच सभेत ऐकलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून असा गलका केला की जीप निघालीच.

तिचं हिरव्या जाळीचं शेडनेट रस्त्यालगतच होतं. उतरताच तिने ताडपत्री ओढली. वरच्या ट्रेमध्ये शेकडो पांढऱ्या, वाकलेल्या माना नुकत्याच वर येत होत्या.

"टायमावर आलो!" ती ओरडली.

पहिला ट्रे उचलायला धावला तो ड्रायव्हर.