अध्यक्षांची रागाची गोळी

गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष केवलराम यांना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भांडण कुणाचंही असो, दोघांना चहा पाजायचा आणि 'जाऊ द्या' म्हणायचं, एवढाच त्यांचा कायदा. याच कायद्याच्या जिवावर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ श्यामलाल दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी फावड्याने कोरायचा आणि केवलरामांच्या धानात सरकवायचा. आता अध्यक्षच तंटा करायला लागले तर गावात तोंड कसं दाखवायचं? केवलराम गप्प बसत आणि आतल्या आत जळत.

तेवढ्यात गोंदियाच्या एका डॉक्टरीणबाईंना अभ्यासासाठी दारू न पिणारे निरोगी गडी हवे होते. गावात तसे एकटे केवलरामच निघाले.

बाईंनी समजावलं, "आपला मेंदू अफूसारखं काहीतरी स्वतःच तयार करतो. ते ताणाच्या हार्मोनला लगाम घालतं. ही गोळी त्या अफूला अडवते, मग हार्मोन किती वाढतं ते रक्तात मोजायचं. काहींना खरी गोळी, काहींना नुसती साखरेची. कुणाला कोणती, ते मलाही शेवटीच कळेल. आणि हार्मोन वाढलं म्हणजे राग येतोच असं नाही हं."

केवलरामांनी यातलं लगामाचं तेवढं मनापासून ऐकलं.

दोनचार गोळ्या पोटात गेल्या आणि एका सकाळी धुऱ्यावरून आरोळी उठली, "माहा धुरा कायले कोरून राहिला रे, श्यामलाल? लाज नाही वाटत?" वर्षानुवर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. गाव गोळा झालं. बायको अनुसयाबाई हात जोडून सांगू लागल्या, "गोळीचा राग आहे जी, मनावर घेऊ नका." श्यामलाल इतका हादरला की त्याने मुकाट्याने धुरा जुन्या जागी नेला. केवलरामांना फार बरं वाटलं. धुराही मिळाला, अध्यक्षपदही शाबूत, आणि दोष गोळीचा.

अभ्यास संपला तेव्हा बाई हसल्या. "काका, तुमची साखरेचीच होती. रक्तात काही फरक नाही."

केवलरामांना दरदरून घाम फुटला. म्हणजे तो राग अस्सल घरचा होता. गावाला कळलं तर भावाशी तंटा त्यांच्याच नावावर, आणि धुरा पुन्हा चालू लागणार.

एसटीतून उतरून ते तडक शेताकडे गेले. धुऱ्यावर श्यामलाल उभाच होता, हातात फावडं.

"भाऊ, गोळी सुटली का आता?" त्याने गोड आवाजात विचारलं.

जन्मात खोटं न बोललेल्या केवलरामांनी फावड्याकडे पाहिलं.

"कायची सुटते रे? डॉक्टरीण म्हणते, जन्मभर घ्या लागते."