टूलबॉक्समधली भिशी

शामकांत मयेकर बावीस वर्षं जहाजांच्या पोटात राबले. इंजिन रूममध्ये, पाण्याच्या पातळीखाली, जिथून समुद्र दिसत नाही. समुद्राबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "आवाज ऐकलाय." त्या यंत्रांनी त्यांचा उजवा कान नेला. १९९० साली ते सिंगापूरला उतरले ते कायमचे. एका लहानशा जहाजदुरुस्ती कंपनीत सुपरवायझर झाले, बेडोकला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि रत्नागिरीहून कुमुदवहिनींना बोलावून घेतलं. लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. "एकत्र राहिलेले दिवस जोडले तर चार वर्षं भरतील," वहिनी सांगायच्या आणि हसायच्या. शामराव हसत नसत.

चौऱ्याण्णव साली समोरच्या ब्लॉकमधला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. सौदा ठरला. ऑगस्टअखेर पहिली रक्कम भरायची होती आणि ती बँकेत तयार होती. वहिनींनी ओट्याची उंचीसुद्धा मोजून आणली होती.

आमची भिशी शामराव चालवत. आम्ही बारा जण होतो: स्वतः शामराव, एक बोटीवरचा, बाकीचे दहा बिशान भागातले कॉम्प्युटरवाले. महिन्याला प्रत्येकी पाचशे डॉलर, ज्याचा नंबर लागेल त्याला सहा हजार. सगळं रोख, कारण बोटीवरच्याचं इथे बँकेत खातं नव्हतं. कागद नव्हता. शामरावांचा शब्द होता, आणि तो आम्हाला स्वस्त पडत होता.

जूनमध्ये नंबर धनेशचा लागला. धनेश पेडणेकर एका मालवाहू बोटीवर थर्ड इंजिनियर होता. बोट दुरुस्तीला सेंबावांगला आली होती आणि सोमवारी सुटणार होती. रविवारी दुपारी वहिनींनी नोटांच्या गड्डीला हळदकुंकू वाहिलं, तसं त्या दर वेळी वाहत, आणि शामराव कंपनीची व्हॅन घेऊन निघाले.

वाटेत पोलिसांची नाकाबंदी होती. दुसऱ्याच कुणाला शोधत होते, म्हणे. एका तरुण सार्जंटने व्हॅनच्या मागचा टूलबॉक्स उघडायला सांगितला. पाने काढले, हातोडी काढली. तळाशी तेलकट चिंध्यांचा बोळा होता, तो काढला. खाली बिस्किटांचा डबा, डब्यात सहा हजार डॉलर, आणि नोटांवर लाल-पिवळी पूड.

"अंकल, हे लपवलंत कशाला?"

"लपवलं नाही. ठेवलंय."

ते खरंच होतं. बंदरात चोर बोटीवर चढतात, केबिनी धुंडाळतात, पण तेलकट चिंध्यांत कुणी हात घालत नाही. बावीस वर्षं पगार तसाच ठेवलेला माणूस जमिनीवर आल्यावर दुसरीकडे कुठे ठेवणार? पण हे रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, एका कानाने ऐकत, इंग्रजीत सांगायचं होतं.

"ही पूड कसली?"

"देवाची."

सार्जंटने ते लिहून घेतलं. कुणी आवाज चढवला नाही. पाणी दिलं, सावलीत बसायला खुर्ची दिली, पैसे तीनदा मोजले आणि पावती दिली. शामरावांना दोन तासांनी सोडलं. पैशांना नाही.

त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर सोमवारी बँक उघडताच फ्लॅटच्या पैशांतून सहा हजार काढले आणि बोटीवर नेऊन धनेशच्या हातात ठेवले. भिशी चालवणाऱ्याने भिशी द्यायची. वहिनी एवढंच म्हणाल्या, "आपले परत मिळतील ना?" ते म्हणाले, "आपलेच आहेत ते."

पंधरा दिवसांनी तपासणीचा निकाल आला: हळद आणि कुंकू. त्या दिवशी शामराव हलके दिसले. पण सोबत एक पत्रही होतं. पूड निर्दोष होती, पैसे अजून नव्हते. ते कुठून आले हे ज्याच्याकडे सापडले त्यानेच दाखवायचं. देणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पास नंबर, म्हणजे इथे काम करण्याच्या परवान्याचा नंबर, आणि त्याने स्वतः येऊन दिलेला सहीचा जबाब. मुदत तीस दिवस. नाहीतर रक्कम सरकारजमा.

शामराव बिशानला श्रीनिवासच्या घरी आले. आम्हाला सगळ्यांना तिथे बोलावलं होतं. श्रीनिवास एका बँकेत सिस्टिम्स मॅनेजर, आमच्यातला सर्वांत मोठ्या पगाराचा.

"शामराव, पैसे टूलबॉक्समध्ये ठेवता, मग पाने कुठे ठेवता हो? लॉकरमध्ये?"

सगळे हसले. शामरावही हसले, अर्धं ऐकून.

मग त्यांनी पत्र टीपॉयवर ठेवलं. हसणं थांबलं. पत्र हातोहात फिरलं आणि 'पास नंबर' या शब्दांशी प्रत्येकाचा हात जरा रेंगाळला.

"माझ्या पासचं रिन्यूअल सप्टेंबरात आहे," श्रीनिवास म्हणाला. "पोलिसांत जबाब म्हटला की कंपनी विचारणार. उद्या म्हणतील, विनापरवाना सावकारी करता."

"भिशी म्हणजे सावकारी नव्हे."

"ते तुम्ही मला सांगताय. त्यांना काय सांगणार?"

श्रीनिवासची मुलगी ऋचा आतून सरबत घेऊन येत होती. तेरा वर्षांची, इथल्याच शाळेतली, इंग्रजीही इथल्या पोरांचंच. "बट इट्स ट्रू व्हॉट. जस्ट टेल देम लाह."

"ऋचा, आत जा," तिची आई शैला म्हणाली. ती ट्रे ठेवून गेली.

"तुम्ही आमची नावं देऊ नका, एवढंच," श्रीनिवास म्हणाला. "बाकी काही मदत लागली तर आम्ही आहोतच."

शामरावांनी एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी म्हणालो, विचार करून सांगतो. विचार करण्यासारखं काही नव्हतं. माझाही पास होता. शेवटी शामराव म्हणाले, "नाही देत नावं. शब्द."

जो सही करायला तयार झाला असता तो धनेश होता, आणि तो समुद्रावर होता. त्याचं पत्र डर्बनहून आलं तोवर मुदत संपून आठवडा झाला होता.

तिसाव्या दिवशी शामराव आणि वहिनी पोलिसांच्या त्या कार्यालयात गेले. पुढचं मला वहिनींनी सांगितलं, बेडोकच्या बाजारात, भेंडी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता. फॉर्मवर देणाऱ्यांच्या नावांसाठी बारा ओळी होत्या. शामरावांनी पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. खिडकीतल्या बाईने विचारलं, "बाकीचे?"

"मी म्हटलं त्यांना, लिहा," वहिनी म्हणाल्या. "तिथेच म्हटलं, सगळ्यांसमोर. दहा जण काय तुमचे सोयरे लागतात? तर म्हणतात, शब्द घेतलाय त्यांनी माझा." त्यांनी एक जून भेंडी मोडून बाजूला टाकली. "तुम्ही घेतलात ना?"

मी हो म्हणालो.

"बरं केलंत."

पहिल्या नावासमोरचे पाचशे तेवढे परत मिळाले. ऑगस्टअखेरची रक्कम पुरी झाली नाही; फ्लॅट एका तमिळ कुटुंबाने घेतला.

ऑक्टोबरमध्ये श्रीनिवासने नवी भिशी सुरू केली. आता सगळं चेकने, रजिस्टर, सह्या, दर महिन्याला छापील हिशेब. त्याचा पास दोन वर्षांसाठी वाढवून मिळाला होता. पहिल्या बैठकीत कुणीतरी विचारलं, शामरावांना सांगायचं का?

"नको," श्रीनिवास म्हणाला. "मला काही नाही, पण त्यांचं नाव पोलिसांच्या फायलीत आहे. उगाच सगळ्यांना त्रास."

ते नाव तिथे एकटंच का आहे, हे खोलीतल्या दहाही जणांना ठाऊक होतं. शैलाने पोहे आणले. रजिस्टर माझ्याकडे आलं तेव्हा मी सही केली आणि चेक फाडून दिला.