जर्मन चर्चमधले शेवटचे नाववाचन

मित्रहो, जोशीबुवांनी काल या ई-मेल मंडळावर लिहिले की नॉटिंगहॅमजवळच्या आमच्या गावातले चर्च युद्धकैद्यांनी बांधले आणि ते शनिवारी बंद झाले. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

ते पोटापाण्यासाठी आलेल्या जर्मन खाटकांनी बांधले. पहिल्या महायुद्धात जर्मनांवर चिडलेल्या जमावाने त्यांची दुकाने फोडली, चर्च मात्र उघडे राहिले. नोव्हेंबरातल्या ठरलेल्या रविवारी तिथे वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचतात. आज एकच नाव होते, माझ्या शेजारी राहणाऱ्या हिल्डाबाईंच्या यजमानांचे. बाईंना अक्षरे दिसत नाहीत, म्हणून मी वाचले.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “माझं कोण वाचणार, मिस्टर लेले?”

“मी वाचीन.”

“कुठे? उद्यापासून कुलूप आहे.”

त्यांना घरी सोडून मी हे लिहायला बसलो. आता उत्तर सुचले आहे. कृपया नोंदी दुरुस्त कराव्यात:

स्थापना: पहिल्या महायुद्धापूर्वी.
शेवटची प्रार्थना: आज, रविवारी.
यापुढचे नाववाचन: दर नोव्हेंबरात, त्याच रविवारी, माझ्या दिवाणखान्यात.