क्वार्क किती अंतर जातो

आमच्या कॉलेजमध्ये सर फळ्यावर लिहून झाले की मागे वळायचे आणि विचारायचे, "कळलं?" आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "हो सर." हा खरा प्रश्न नाही, हे आम्हाला माहीत होतं. तास पुढे सरकायला तेवढं म्हणावं लागायचं. सरांनाही ते माहीत असावं, कारण आमचं उत्तर यायच्या आधीच ते फळा पुसायला घ्यायचे.

नॉटिंगहॅमला पीएचडीसाठी आले तेव्हा माझे सुपरवायझर दर मंगळवारी बोर्डवर काहीतरी काढायचे आणि विचारायचे, "डझ दॅट मेक सेन्स?" मी म्हणायचे, "येस." मला वाटलं, हे इथलं 'कळलं?' असणार. ते मात्र उत्तरासाठी थांबायचे, माझ्याकडे बघायचे, आणि माझं 'येस' ऐकून खरंच समाधानाने पुढे जायचे. हा फरक माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले.

माझं काम थोडक्यात सांगायचा प्रयत्न करते. इलेक्ट्रॉनचा झोत अणूच्या केंद्रकावर सोडला, तर कधीकधी एखादा इलेक्ट्रॉन आतल्या प्रोटॉनमधल्या एकाच क्वार्कला जोरात धडक देतो. तो क्वार्क सुटतो आणि केंद्रकातून बाहेरच्या दिशेने धावतो. पण क्वार्क एकटा कधीच कोणाला सापडत नाही. वाटेत तो जोडीदार मिळवतो आणि त्यांचा मिळून एक कण होतो, बहुतेक वेळा पायॉन. प्रश्न असा, की हे केंद्रकाच्या आतच होतं की बाहेर पडल्यावर. आत झालं तर तो पायॉन उरलेल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांवर आदळून हरवू शकतो. बाहेर झालं तर क्वार्क आतून जाताना फक्त थोडी ऊर्जा गमावतो. प्रयोग करणारे लोक हलक्या केंद्रकातून किती पायॉन आले आणि जड केंद्रकातून किती, हे ताडून बघतात. मी कॉम्प्युटरवर तसेच लाखो क्वार्क सोडायचे आणि माझा आकडा त्यांच्या मोजमापाशी जुळतो का ते पाहायचे.

ऑक्टोबरमध्ये सुपरवायझरनी बोर्डवर एक मोठा गोल काढला, आत एक बाण काढला आणि म्हणाले, "कण तयार व्हायला साधारण प्रकाशाला एक प्रोटॉन ओलांडायला लागतो तेवढाच वेळ. अर्थात, क्वार्कच्या स्वतःच्या घड्याळाने." मग विचारलं, मेक सेन्स? मी म्हटलं, येस. खरं म्हणजे ते 'अर्थात' ऐकून मी घाबरले होते. जे अर्थात आहे ते विचारायचं कसं? मी वाक्याचा पहिला अर्धा भाग वहीत लिहिला. कोडमध्येही तेवढाच घातला. म्हणजे माझ्या प्रोग्रॅममधला प्रत्येक क्वार्क, हळू असो की जोरात, एक प्रोटॉनभर अंतर जाऊन लगेच पायॉन व्हायचा.

मी सोडून दिलेल्या अर्ध्या भागातच सगळं होतं: वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ आपल्याला हळू चाललेलं दिसतं. म्हणून क्वार्क जितका जोरात, तितकं ते अंतर लांबतं, आणि फार ऊर्जा असलेला क्वार्क कण बनायच्या आधीच केंद्रक ओलांडून जातो. रिलेटिव्हिटीचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले आहे, हे इथे लिहायला लाज वाटते.

चूक झाकली गेली, कारण मी कमी ऊर्जेच्या भागातच तुलना करत होते आणि दुसरा एक आकडा थोडा इकडेतिकडे केला की रेषा छान जुळायची. सुपरवायझर खूश झाले. त्यांनी माझा ग्राफ प्रिंट करून स्वतःच्या दारावर चिकटवला.

एप्रिलमध्ये पहिल्या वर्षाच्या रिव्ह्यूसाठी रिपोर्ट लिहीत होते. ग्राफ जरा भरीव दिसावा म्हणून उजवीकडे जास्त ऊर्जेपर्यंत वाढवला. तिथे मोजमापांचे ठिपके वर चढत गेले आणि माझी रेषा खालीच राहिली. दुपारचे तीन वाजले होते, शेजारच्या टेबलावर कोणीतरी सफरचंद खात होतं. कोडमधली ती एक ओळ मला वीस मिनिटांत सापडली.

मी कोणाला काही सांगितलं नाही.

रिव्ह्यूत नापास झालं तर मास्टर्सचं सर्टिफिकेट देऊन परत पाठवतात. व्हिसाही तिथेच संपतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या यंत्रमागांवर काम करतात, आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते. मी निघाले तेव्हा गल्लीतल्या मंडळाने माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला होता आणि नावाच्या आधी 'डॉ.' छापून टाकलं होतं. मी म्हटलं, "अहो, अजून सुरूही नाही झालं." मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "तायडे, परत कोण छापत बसणार? होणारच हाईस की."

पण नुसती नापास व्हायची भीती नव्हती. एक 'येस' खोटं निघालं, की आधीची सगळी तपासावी लागतील, आणि त्यातली किती खरी होती हे माझं मलाच माहीत नव्हतं. सांगावं तर सगळंच सांगावं लागणार होतं. न सांगावं तर रोज त्या दारावरून जायचं होतं.

मी एका मराठी डॉक्टर कुटुंबाकडे वरच्या खोलीत राहते. काका भूलतज्ज्ञ होते, आता रिटायर झालेत. काकू पुण्याच्या. त्या आठवड्यात काकूंनी ताटाकडे बघून विचारलं, "काय गं, आज पण अर्धीच पोळी? कोणी आवडलाय का युनिव्हर्सिटीत? सांग, आय वोन्ट टेल युअर आई."

"नाही हो काकू. झोप नीट होत नाहीये."

"झोपेचं माझ्याकडे दे," काका म्हणाले. "चाळीस वर्षं तेच केलं. फक्त आता लायसन्स नाहीये."

काकू हसल्या. मी थोडं थांबून विचारलं, "काका, तुमच्याकडून कामात कधी चूक झाली, तर लगेच सांगता यायचं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पेशंट टेबलावर असतो. विचार करायला वेळच नसतो, मग सांगितलं जातं. तुला वेळ मिळतोय वाटतं?"

"हो."

"मग कठीण आहे," ते म्हणाले आणि त्यांनी लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली.

त्यानंतरच्या मंगळवारी सुपरवायझरनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दोन दिवसांनी ते एका मीटिंगला जाणार होते आणि त्यांच्या भाषणात सहाव्या स्लाइडवर माझा ग्राफ होता, खाली माझं नाव. त्यांनी तो कसा समजावणार ते सांगितलं आणि विचारलं, "डझ दॅट मेक सेन्स?"

मी म्हटलं, "येस."

त्यांनी लॅपटॉप बंद केला. मी उठायला हवं होतं, पण उठले नाही. ते भुवया उंचावून वाट बघत राहिले. मग मी म्हटलं, "नो."

"काय नो?"

"ग्राफ चुकीचा आहे. कण बनायचं अंतर मी वेगाप्रमाणे वाढवलंच नाही. सगळ्यांना एकच दिलंय."

"राइट," ते म्हणाले. इंग्रज माणूस 'राइट' म्हणतो तेव्हा बरोबर असं काहीच नसतं, एवढं मला तोवर कळलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कधीपासून माहीत आहे?"

"अकरा दिवस."

"मी स्लाइड्स मीटिंगमधल्या बाकीच्यांना कधी पाठवल्या?"

"आठ दिवसांपूर्वी. मला त्या ईमेलमध्ये कॉपी केलं होतंत."

त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडून सहावी स्लाइड काढली. मग म्हणाले, "कोड मी वाचायला हवा होता. ती चूक अर्धी माझी. पण हे आठ दिवस फक्त तुझे आहेत."

त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि ज्यांना स्लाइड्स गेल्या होत्या त्या सगळ्यांना ईमेल लिहायला लावली. ग्राफखाली माझं नाव होतं, म्हणून पत्रही माझ्याच नावाने. मी सहा ठिकाणी सॉरी लिहिलं होतं. त्यांनी मागे उभं राहून पाच खोडायला सांगितले. पाठवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ऑक्टोबरमध्ये मी गोल काढला होता, तेव्हा तुला नक्की काय समजलं होतं?" मी सांगितलं. ऐकून त्यांना राग आला की वाईट वाटलं, मला ओळखता आलं नाही.

रिव्ह्यूत मला पास केलं नाही आणि नापासही केलं नाही. तीन महिने दिले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा यायला सांगितलं. त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला.

"म्हंजे सगळं परत पहिल्यापासनं?" त्यांनी विचारलं.

"बरंचसं."

"सुपरवायझरनं वरडलं काय?"

"नाही बाबा. ओरडले असते तर बरं झालं असतं."

"मग वाईट हाय," ते म्हणाले. "गप बसणारा लई ध्यानात ठेवतो."

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम चालवला. जोरातले क्वार्क आता केंद्रकातून जवळजवळ तसेच बाहेर पडतात आणि उजवीकडचे ठिपके जुळतात. पण डावीकडे, जिथे आधी सगळं जुळत होतं, तिथे आता रेषा भलतीकडेच जाते. मी दोन आठवडे शोधते आहे. कारण सापडलेलं नाही.

आता दर सोमवारी, मीटिंगच्या आदल्या दिवशी, मला न कळलेल्या गोष्टींची यादी त्यांना पाठवावी लागते. ही त्यांची अट. पहिल्या यादीत सात गोष्टी होत्या. त्यातल्या तीन बी.एस्सी.च्या होत्या. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी पहिल्या दोन समजावल्या आणि मला बोर्डवर परत करून दाखवायला लावल्या. एकदा चुकले, दुसऱ्यांदा जमलं. तिसरा प्रश्न असा होता: जो आता नुसता क्वार्क राहिलेला नाही आणि अजून पायॉनही झालेला नाही, त्या मधल्या अवस्थेतल्या गोष्टीला आजूबाजूचे प्रोटॉन किती अडवतात?

ते पेन हातात घेऊन बोर्डसमोर उभे राहिले. एक समीकरण लिहिलं, पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मला माहीत नाही. नीट कोणालाच माहीत नसावं."

बरं वाटायला हवं होतं. पण त्या भागाशिवाय डावीकडची रेषा जुळणार नव्हती, आणि ऑगस्टच्या रिव्ह्यूला पाच आठवडे राहिले होते. मी वहीत लिहून घेतलं, कोणालाच माहीत नाही, आणि ते पुढे काही सांगतील म्हणून पेन तसंच धरून बसले.