मामा जीप बघायला निघाले

आमच्या चुलतसासऱ्यांनी एखाद्या जुन्या जीपकडे नुसतं बघितलं, तरी तिच्या मालकाला घाम फुटायचा. हे मी जावयाच्या कौतुकाने सांगत नाही, तो घाम मी स्वतः पाहिलेला आहे. वडवणी, दिंद्रुड, नेकनूर या टापूत ज्याच्या ज्याच्या दारात विकायची जीप उभी होती, त्या प्रत्येकाने त्या वर्षी मामांना एकदा तरी चहा पाजला आणि ते उठून गेल्यावर देवाचे आभार मानले. सासऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात, म्हणून मीही मामा म्हणतो. गंमत अशी की मामांना गाडी चालवता येत नव्हती. गिअर कुठला आणि ब्रेक कुठला, हे त्यांना शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नसतं. पण उभ्या आयुष्यात त्यांनी नेकनूरच्या बाजारात इतके बैल घेतले आणि विकले होते, की चार पायांची असो नाही तर चार चाकांची, कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा हात आपोआप तिच्या पाठीवर जायचा. बैल आणि जीप यांच्यात फरक फक्त शेपटीचा, असं त्यांचं ठाम मत होतं.

ते मत आजमावायची वेळ आली ती दुष्काळामुळे. त्या वर्षी दिवाळी झाली आणि टँकर सुरू झाले. मामा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. गावाच्या वर डोंगरात एक वस्ती आहे. तिथली तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे राहिलेली म्हातारीकोतारी, दोन-चार लेकुरवाळ्या आणि म्हशी. त्या म्हशींच्या दुधावर तिथल्या चुली पेटत होत्या. पण वस्तीची वाट म्हणजे नुसते धोंडे. संस्थेचा टेम्पो अर्ध्यातून माघारी यायचा, मग दूध डोक्यावरून खाली यायचं, उशिरा यायचं आणि तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर पोचेपर्यंत आंबायचं. केंद्रावरच्या साहेबाने शेवटी निर्वाणीचं सांगितलं, की एक तर वेळेवर आणा नाही तर वरचं दूध बंद. संस्थेच्या बैठकीत बहुतेकांनी बंद करण्याकडेच माना डोलावल्या. मामा उठले आणि म्हणाले, "दूध बंद झालं तर म्हशी बाजारात जातील. म्हशी गेल्यावर म्हाताऱ्यांनी धोंडे पिळायचे का? मी जीप आणतो. चारी चाकं ओढणारी. डोंगर चढंल अशी." झालं. दुसऱ्याच दिवशी मला बीडला निरोप आला, की रजा काढा, गाडी बघायला जायचंय.

मला का, असा प्रश्न मला पडला होता. मी शाळामास्तर, मला जीप चालवता येत होती इतकंच. पण मामांचं गणित वेगळं होतं. जावई बरोबर असला की समोरचा माणूस दारातून बोळवत नाही. घरात घेतो, सतरंजी टाकतो, चहा ठेवतो. आणि मामांच्या मते जीपची खरी परीक्षा घरात होते, अंगणात नव्हे. त्याचं कारण पुढे सांगतो, कारण अंगणातली परीक्षाही काही कमी थोर नव्हती. मामा कधीही सांगून जायचे नाहीत. सूर्य उगवायच्या आत दारात हजर. कुणी दार उघडायच्या आधीच त्यांचा तळहात बॉनेटवर टेकलेला असायचा. नेकनूरला एका जीपवर असा हात ठेवला आणि मामा दचकून म्हणाले, "अंग तापलंय की हो हिचं!" मालक डोळे चोळत म्हणाला, "आताच शेतात जाऊन आलो." मामांनी त्याच्या पायातल्या, दवाचा थेंबही न लागलेल्या चपलांकडे बघितलं आणि माझ्या कानाशी आले. "आमी येणार हे कळलंय याला. थंडीत सुरू होत न्हाई गाडी, म्हणून पहाटंच ढकलून तापवून ठिवली. बाजारात म्हाताऱ्या बैलाला गूळ चारून आणत्यात, तसलाच परकार हाय ह्यो." पुढे कळलं ते असं, की त्या दिवशी पहाटे निम्मी आळी ती जीप ढकलत होती.

त्यानंतर यायचं पोट. "जावईबापू, जरा पोटाखाली जाऊन या," असं मामा इतक्या सहजपणे म्हणायचे, जसं काही मी परसात जाऊन यायचं आहे. मी गोणपाट टाकून जीपखाली सरकलो की घरात हलकल्लोळ व्हायचा. जावई भुईवर! एका घरातली माउली तर नवी कोरी चादर घेऊन धावत आली आणि माझ्या डोक्याखाली उशी सरकवून गेली. तिच्या मायेमुळे मी त्या जीपचं बूड चांगलं अर्धा तास निवांत बघितलं. खालून मी ओरडून सांगायचं आणि वरून मामांनी निवाडा द्यायचा. "मामा, सगळं काळं कुळकुळीत आहे, ताजा रंग दिसतो." "म्हंजे शिंगं तासल्यात. गंज झाकलाय. या बाहीर." मग मी अंगावरची माती झटकत बाहेर यायचं आणि मामांनी धुराकडे वळायचं. धुराच्या नळीत बोट घालून ते वास घ्यायचे, बोट अंगठ्याला चोळायचे. निळा धूर दिसला की "ऑईल खातंय," पांढरा थांबेना की "पोटात पाणी झालंय," आणि काळा दिसला की "जरा जादा चारलंय, ते चालतं." हे सगळं खरं निघायचं हे विशेष नाही. खोटं निघालं असतं तरी त्या आवाजापुढे कुणाची मान वर झाली नसती.

आणि आता घरातली परीक्षा. मामांचा सिद्धांत असा, की मालक खोटं बोलेल, मिस्त्री तर बोलणारच, पण घरातल्या बायकांचं तोंड खोटं बोलत नाही. गोठ्यातलं गुणी जनावर निघालं की घर हिरमुसतं आणि खोडील जनावर निघालं की घरात सण होतो. म्हणून चहा पीत पीत मामा स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळा ठेवून बसायचे. वडवणीला एक जीप मला फार आवडली होती. बॉनेट गार, पोट स्वच्छ, धूर बेताचा. मी मनातल्या मनात ती डोंगरावर चढवलीसुद्धा होती. तेवढ्यात चहाबरोबर शिऱ्याच्या बशा आल्या आणि त्या घेऊन येणाऱ्या वहिनी गालातल्या गालात हसत होत्या. मामांनी एक घास घेतला, बशी खाली ठेवली आणि उठले. "चला जावईबापू." मी कळवळून म्हटलं, "अहो, पण झालं काय?" रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "शिऱ्यात तूप लई हाय. बाई लई खुशीत हाय. त्या गाडीनं तिला कुठंतरी भर उन्हात रडिवलंय." मी अर्धा राहिलेल्या शिऱ्याच्या आठवणीने दिवसभर हळहळत होतो. घरी आल्यावर मी मामींना ही हकीकत सांगितली, तर मामी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पुतणीसाठी तुमाला बघाया आलते तवा एवढं न्हाई बघितलं यांनी. बस म्हणलं बसला, उठ म्हणलं उठला, झालं. पसंत!"

शेवटी दिंद्रुडला योग आला. बंधाऱ्यांची कामं घेणारा एक गुत्तेदार होता, दुष्काळाने कामं थांबली म्हणून जीप काढत होता. पहाटे बॉनेट थंडगार लागलं. गुत्तेदाराने जांभई देत किल्ली फिरवली आणि जीप एका दमात गुरगुरायला लागली. पोटाखाली जुनाच, खरा, प्रामाणिक गंज होता. चौथ्या चाकापर्यंत ओढ पोचते की नाही हे बघायला मामांनी ती कोरड्या नदीच्या वाळूत घालायला लावली, आणि मी ती वाळूतून अशी बाहेर काढली की मामा काठावर टोपी उडवत "हाय रं माझ्या राजा!" असं ओरडले. पण अजून चहा व्हायचा होता. आम्ही बसलो. चहा गुत्तेदाराच्या म्हाताऱ्या आईने आणला, आणि कप ठेवता ठेवता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "ह्याच्यातनंच माझी लेक नांदाया गेली," म्हातारी म्हणाली, "ह्याच्यातनंच बाळतपनाला आली. कदी वाटंत उभं राह्यलं न्हाई बघा." मामांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांची थोडी लाजच वाटली. त्यांनी तिथल्या तिथे खांद्यावरचं उपरणं सोडलं, गुत्तेदाराचा हात त्याखाली ओढला आणि बाजारातल्या रीतीने बोटं दाबून सौदा केला. कितीला ठरला हे मला आजतागायत कळलेलं नाही. मग मामांनी किल्लीची चांदीची साखळी सोडवून परत दिली आणि खिशातून काळा दोरा काढून किल्ली त्यात ओवली. जनावर देणारा आपलं दावं देत नसतो, घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं असतं, ही रीत जीपसाठी मोडायचं त्यांना काही कारण दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वस्तीवर निघालो. मागे रिकामे कॅन खडखडत होते, मी चालवत होतो आणि मामा शेजारी बसून "हो… हो… दमानं," असं जीपला समजावत होते. चारी चाकं धोंडे धरत धरत चढली. वस्ती दारात येऊन उभी राहिली होती. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, जीपला कुंकू लागलं, दूध भरलं. आणि निघायच्या वेळी बॉनेटखालून वाफेचा असा फवारा उडाला, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या चार पावलं मागे सरल्या. रेडिएटर गळत होता. सपाटीवर ते कधी जाणवलं नसेल, चढाने ते उघडं पाडलं. पाणी घातल्याशिवाय गाडी हलणार नव्हती, ऊन चढत होतं आणि कॅनमध्ये दूध होतं. मामा कपाळावर हात मारून धोंड्यावर बसले. "दात बघितले, चाल बघितली, घर बघितलं. पाणी किती पितंय तेवढं इचारायचं राह्यलं. दुष्काळात, जावईबापू! आन् मी!" वस्तीवर टँकर चढत नसे. तो खालच्या विहिरीत पाणी ओतायचा आणि तिथून बायका डोक्यावरून वर आणायच्या. म्हणून पाणी मागायची आमच्या दोघांचीही जीभ उचलेना. तेवढ्यात वस्तीतली सगळ्यात थकलेली आक्का घरात गेली आणि पितळी हंडा कडेवर घेऊन आली. "आक्का, प्यायचं हाय ते," मामा म्हणाले. आक्का म्हणाली, "मग? ते बी पिणारच हाय की. तान्हेलं हाय, पाजा." तिच्या मागोमाग आणखी घागरी आल्या. मामांनी टोपी काढून हातात धरली होती. त्या दिवशी दूध वेळेवर पोचलं, गोड पोचलं आणि साहेबाने मापात घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून संस्थेच्या टेम्पोचा ड्रायव्हर जीपवर बसला आणि मामांनी वर जाणाऱ्या कॅनपैकी दोन पाण्याने भरून नेले. मामांच्या मळ्यातलं बोअर सरकारने गावासाठी ताब्यात घेतलेलं, त्यामुळे तिथे घागरींची रांग असायची आणि थेंबाथेंबावर डोळे. गावाचं पाणी वर कशाला, असं कुणी म्हटलं की मामांचं उत्तर तयार: "गाडीला लागतंय." दूध वेळेवर पोचावं असं तर सगळ्यांनाच वाटत होतं. गाडीपुढे कुणाचं काही चालेना. शिवाय दुधाच्या कॅनमधून पाणी वर चाललेलं बघून संस्थेत कुजबुज झाली, की चेअरमन आता दुधात पाणी घालायला डोंगरावर नेतात. केंद्रावर वरच्या दुधाचं फॅट तपासलं तर ते सगळ्यात चांगलं निघालं आणि कुजबुज जागच्या जागी विरली. ऊन वाढलं तशी गाडीची तहानही वाढत गेली. दोनाचे चार कॅन झाले, चाराचे सहा. मी सुट्टीत गेलो की बघायचो, वर पोचल्यावर मामा रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालायचे आणि उरलेले कॅन आक्काच्या दारात उतरवायचे. माजलगावच्या मिस्त्रीने सांगितलं होतं, अर्ध्या दिवसाचं काम आहे, रेडिएटरची गळती झाळून बंद करून देतो. ते मीच मामांना उत्साहाने सांगायला गेलो, तर माझ्यावरच उखडले. "तुमी कावून घाई करता? जुनं जनावर हाय, पिऊ द्या त्याला." मी पुन्हा मिस्त्रीचं नाव काढलं नाही. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

पुढच्या पावसाळ्यात वस्तीवरच्या आटलेल्या विहिरीला पाणी आलं, आणि त्याच आठवड्यात मामांनी रेडिएटर दुरुस्त करून घेतला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वर डांबरी रस्ता गेला, आक्का गेली, जीप कुठल्याशा वीटभट्टीवर गेली. मामा हल्ली बाजेवर पडून असतात, माणसं ओळखायला त्यांना वेळ लागतो. मागच्या खेपेला गेलो तेव्हा बराच वेळ माझा हात हातात धरून बसले होते. मग एकदम म्हणाले, "गाडी चांगली निघाली, न्हाई का?" मी म्हटलं, "लई चांगली निघाली, मामा."