ऑपरेशन्सला कोण बसणार?

आमच्या विभागात वेळेवर तयार होतात ते फक्त किस्से! मी अमरावतीच्या एका कॉलेजात एमबीएच्या पोरांना ऑपरेशन्स शिकवतो. म्हणजे माल कसा बनतो आणि काम नेमकं कुठं अडतं, ते शोधायचं.

यंदा प्राचार्य मॅडमनी बजावलं, "पोरं विषय निवडणार नसतील तर बंद करू." सगळ्यांचा ओढा मार्केटिंगकडे. माझा तर या विषयावर जीव आहे.

विभागप्रमुख वानखडे सर म्हणाले, "नोट्स लिहून देणं सोडा. पोरांले काम दाखवा!"

*

म्हणून अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये नेलं. पाहतो तर सगळ्या मशिनी बंद! मालक हात जोडून दारात उभे. "पाहुणे आले अन् धडधड चालू ठेवू? लोक काय म्हणतीन! बसा, चिवडा खा."

परतताना बसमध्ये मी विचारलं, "मग, काम कुठं अडत होतं?"

तिवस्याची प्रणाली म्हणाली, "आपल्यापाशी, सर! आपण गेलो नसतो त डाळ निघाली असती."

*

मग कॉलेजची कँटीन. चहाला उशीर का होतो ते पाहायला पोरं स्टॉपवॉच घेऊन उभी राहिली. कँटीनवाले गजूभाऊ असे घाबरले, की उकळी यायच्या आतच कप भरू लागले. वेळ झकास, चहा भलताच फिका!

वानखडे सरांनी एक घोट घेतला. "गजूभाऊ, हे काय?"

"सर, ते घड्याळ आवरा, मंग चहा करतो!"

*

वर्गात सांगितलं, गरजेपेक्षा जास्त साठा करू नये. प्रणालीचा हात वर. "आमच्या आईनं वर्षाचं तिखट, कुरड्या, शेवया भरून ठेवल्या हायेत. तिले हे तुमीच घरी येऊन सांगा, सर. मी नाही सांगत!"

मी गेलो नाही. मलाही जीव प्यारा आहे.

*

निवडीचा दिवस. ज्याला जो विषय हवा, त्यानं अकराच्या आत त्या विषयाच्या खोलीत येऊन बसायचं; खोली रिकामी राहिली तर फळ्यावरचं नाव पुसून विषय बंद. अकरा वाजत आले आणि माझी खोली रिकामी! प्राचार्य मॅडम डस्टर घेऊन फळ्यापाशी उभ्या. वानखडे सर उगाच खिडकीबाहेर पाहत होते. मला रडूच येईल असं वाटलं.

मॅडमनी विषयाचं नाव पुसायला घेतलं, तेवढ्यात तीन पोरं आली. थोडं थांबून आणखी तीन. मग आणखी तीन.

"एवढा वेळ कुठं होता रे?" मॅडम ओरडल्या.

जिन्याखालून प्रणालीचा आवाज आला, "दारात कोंडी होते म्हून तिघं तिघं सोडून राहिली मी, मॅडम! पुसाची घाई नोका करू, अर्धा वर्ग अजून खालीच हाय!"