खिडकीपाशी पहिला नंबर

आमच्या शाळेचे किस्से काढायला कुणाला आग्रह करावा लागत नाही. परवा नामदेव दाढ काढायला हिंगोलीला आला आणि माझ्याकडे उतरला. तोंडात कापसाचा बोळा, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून बजावलेलं, तरी पठ्ठ्या संध्याकाळपर्यंत शाळेबद्दलच बोलत होता. एक किस्सा संपेपर्यंत दुसरा दारात उभा! त्यातले थोडे तुम्हालाही सांगतो.

आधी आमची शाळा समजून घ्या. निजामाचं राज्य. गाव जवळा बाजारच्या गाडीवाटेवरचं. पाटीवर ‘हायस्कूल’ लिहिलेलं, आत तीन खोल्या. सगळ्यात वरच्या वर्गात आम्ही नऊ जण : सहा शेतकऱ्यांची पोरं, दोन मुसलमानांची आणि पोस्टमास्तरांची कमल, एकटी मुलगी. शिकवणं सगळं उर्दूत. हेडमास्तर माधवराव, म्हणजे आमचे मोठे मास्तर, उर्दू इतकी गोड बोलत की ऐकत राहावं. आणि मराठीच्या पेपरात पहिला कोण, तर पिंजाऱ्याचा गफूर. खरं सांगायचं तर तो सगळ्याच पेपरांत पहिला असे.

*

मोठ्या मास्तरांचा एक कायदा होता. दर तिमाही परीक्षेनंतर नंबराप्रमाणे जागा बदलायच्या. भुईवर नऊ बसकरं ओळीनं टाकलेली. पहिला खिडकीपाशी, तिथं उजेड आणि वारा. शेवटचा दारापाशी.

खिडकीपाशी गफूर, त्याच्या शेजारी मी, तिसरी कमल आणि दारापाशी नामदेव. एक वेळ सोडली तर तीन वर्षं यात काडीचा बदल झाला नाही.

मला ती खिडकी हवी होती. एका परीक्षेआधी मी मारुतीला नारळ कबूल केला. गफूरला कुठून तरी कळलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, “इठ्ठला, नारळ मला दे. मी एक गणित चुकवतो.”

नारळ मी दिला नाही. पुन्हा दुसराच आलो.

*

नामदेवचं उलटं. एकदा एका पोराला हिवताप आला, त्याची परीक्षा बुडाली आणि नामदेव आपोआप आठवा झाला. रिझल्ट ऐकून त्याचं तोंड उतरलं. मास्तरांसमोर जाऊन उभा राहिला.

“मास्तर, मला दारापाशीच ऱ्हाऊ द्या. तिथून आमची म्हैस दिसते.”

“म्हैस दिसते म्हणूनच तू नववा येतोस,” मास्तर म्हणाले.

कायदा म्हणजे कायदा. तीन महिने तो आठव्या बसकरावर मान वाकडी करून बसला. पुढच्या परीक्षेत त्यानं आपली जागा परत मिळवली.

*

एकदा इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांच्याजवळ एक फॉर्म होता, त्यात प्रत्येकाची मादरी जबान, म्हणजे मातृभाषा, भरायची होती. सुरुवात दारापासून झाली.

नामदेव म्हणाला, “साहेब, माय तर नुसत्या शिव्याच देते. ते कोन्त्या रकान्यात लिवाचं?”

साहेब घाईनं खिडकीकडे वळले. गफूर उभा राहिला. त्याच्या केसांत नेहमीसारखा कापूस अडकलेला होता.

“घरात दखनी, गल्लीत मराठी, साहेब. आन् बा पिंजाया बसला का काहीच न्हाई. त्या आवाजात कोनाचं ऐकूच येत न्हाई.”

साहेब हसले. गफूरचा रकाना त्यांनी कोराच ठेवला.

*

माझे वडील शाळेच्या वाटेला कधी गेले नाहीत. रिझल्ट लागला की एवढंच विचारायचे, “कितवा?”

“दुसरा.”

“पुढं कोन हाय?”

“गफूर.”

“मंग बराबर हाय,” असं म्हणून भाकरी मोडायचे. दर वेळी हेच. मला त्या ‘बराबर’चा फार राग यायचा. आज तो शब्द पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून मी काहीही देईन.

*

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्याआधीची परीक्षा. मला बीजगणितातली उदाहरणं सुटत नव्हती. गफूर रोज दुपारी माझ्याजवळ बसून ती सोडवून घ्यायचा. एक दिवस मी न राहवून विचारलं, “मला काहून शिकवून राहिला? उद्या मी तुझ्या पुढं गेलो मंजे?”

“तर मी तुझ्या बाजूला बसंन,” तो म्हणाला. “दूर थोडाच जाणार हाय?”

त्या परीक्षेतही तोच पहिला आला. दोन मार्कांनी.

*

मग सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शनची ती धामधूम झाली. राज्य बदललं. शाळा कितीतरी महिने बंद राहिली. उघडली तेव्हा पिंजाऱ्याच्या घराला कुलूप होतं. कुणी म्हणालं परभणीला गेले, कुणी म्हणालं हैदराबादला. मी दोनदा त्या कुलपापर्यंत जाऊन आलो. ओट्यावर अजून थोडा कापूस होता.

आम्ही आता आठ जण होतो. तिमाही परीक्षा झाली. रिझल्टच्या दिवशी शिपायानं आठच बसकरं टाकली, खिडकीपासून दारापर्यंत. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. मोठ्या मास्तरांनी कागद काढला आणि वाचलं, “पहिला, विठ्ठल.”

ज्यासाठी नारळ बोललो होतो ते झालं होतं. मी खिडकीपर्यंत गेलो. बाहेरचा वारा तोंडावर आला. मग मागं वळलो आणि माझ्या नेहमीच्या दुसऱ्या बसकरावर बसलो.

“दुसरी, कमल.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती तिसऱ्यावर जाऊन बसली.

तिच्यामागून तिसरा चौथ्यावर, चौथा पाचव्यावर. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मास्तर नावं वाचत राहिले, त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

शेवटी नामदेव उरला. त्याला बसकरच राहिलं नव्हतं. तो दारापाशी गेला आणि उघड्या भुईवर मांडी घालून बसला. म्हशीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मास्तरांनी कागदाची घडी घातली. “नामदेव, खाली कशाला बसलास? खिडकीपाशी बसकर मोकळं आहे, तिथं जाऊन बस.”

नामदेव जागचा हलला नाही.

“मोकळं न्हाई मास्तर,” तो म्हणाला. “तिथं गफूर बसतो.”